गोरोबांचे थापटणे



पुसेगावात उभे राहून संतांविषयी बोलणे म्हणजे माहेरच्या माणसांपुढे लेकीचे गुण सांगणे होय. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जे मानते ते नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढाही आपलेच. जनाबाईंचे गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात, गोदेच्या काठी. तेव्हा साध्या माणसात देव पाहण्याची गोष्ट मी हिमालयातून आणलेली नाही. ती येथल्याच काळ्या मातीतली आहे.

तेरला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मुक्ताबाईंनी तेथले थापटणे पाहून 'हे कशासाठी?' असे विचारले. मडके पक्के की कच्चे ते याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग एकेका संताच्या डोक्यावर थापटणे बसू लागले. बाकीचे निमूट राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके कच्चे ठरले! कीर्तनात या ठिकाणी हशा पिकतो, आणि परीक्षक कोण होता याकडे आपले लक्षच जात नाही. तो शास्त्री नव्हता, मठाधिपती नव्हता. चिखल तुडविणारा कुंभार होता. आठवडी बाजारात मडके घेणारी बाई बोटाच्या पेराने ते वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर पैसे मोजते, बद्द वाजले तर बाजूला सारते. तिचे हे रोजचे ज्ञान लोकांनी आत्मज्ञानाची कसोटी म्हणून वापरले. माझ्या मते आपल्या परंपरेतले हे फार मोठे धाडस आहे.

पुढे नामदेव औंढ्यास आले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंड! हा धडा मिळाल्यावर तेच नामदेव भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. या कथांना इतिहासाचा पुरावा मागू नये. परंतु लोकांनी त्या शतकानुशतके का जपल्या, हे अवश्य विचारावे. शिंप्याच्या घरच्या या माणसाची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत.

परंतु येथे एक खाच आहे. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागला, हे आपण गहिवरून सांगतो. ज्यांनी पहाटे जात्याचा खुंटा धरला आहे, त्या वडीलधाऱ्या माता येथे बसल्या आहेत. त्या सांगतील की दळणाने खांदे भरून येतात, हाताला घट्टे पडतात. देव जात्यावर बसला तो दासीच्या कष्टांची थोरवी गाण्यासाठी नव्हे, तिचे ओझे निम्मे करण्यासाठी! आपण मात्र श्रमाला पवित्र म्हणतो आणि श्रम करणाऱ्याची कपबशी वेगळी ठेवतो. याला अध्यात्म म्हणावयाचे असेल तर ते फार स्वस्तातले अध्यात्म झाले.

चोखोबांचे पाहा. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्ये ते गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. समोर, म्हणजे बाहेरच. चोखोबांचे अभंग गात लोक आत जात राहिले, आणि त्यांच्या भाऊबंदांना मात्र दारातूनच परतावे लागले. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरास उपोषण आरंभिले आणि मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी ते सोडले. मधे सहाशे नऊ वर्षे गेली! अभंगांचा अर्थ तेवढा काळ कोणाला कळत नव्हता, असे मला वाटत नाही. अर्थ कळत होता; तो आचरणात आणला तर पंगतीत, पाणवठ्यावर आणि मजुरीत काय द्यावे लागेल, तेही कळत होते.

आता जात्यांची जागा गिरणीने घेतली आहे, आणि ओव्या ज्यांना येतात त्या बाया थोड्या उरल्या आहेत. अशा ज्या माता येथे असतील त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी सभा संपल्यावर लगेच उठू नये. पुढे या सतरंजीवर यावे. माझे बोलणे झाले. आता मला ऐकावयाचे आहे.