विषारी वायू आणि रुग्णालयाची सिद्धता

२० मार्च १९९५ रोजी, सोमवारी सकाळी आठच्या सुमारास, टोकियोतील चाकरमाने आपापल्या कचेऱ्यांकडे निघाले असता भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत ओम शिनरिक्यो ह्या पंथाच्या माणसांनी सारिन नावाचे विष सोडले. त्या दुष्कृत्याने पुढे चौदा जीव घेतले आणि पाच हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयाची पायरी चढावयास लावले. जवळच असलेल्या सेंट ल्यूक रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. त्यांतील कित्येक पायी चालत आले होते. पहिली वर्दी मात्र आली होती ती स्फोटाची!

सारिनचा शोध युद्धासाठी लागला नाही. १९३८ साली जर्मनीत कीटकनाशके शोधता शोधता ते हाती आले. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोहोचला की तो पुसून टाकण्याचे काम शरीरातील एक विकर करते. हे विष त्या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप संपतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाकातोंडातून पाणी वाहते, छातीत स्राव दाटतो, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास थांबतो. अ‍ॅट्रोपीन हा स्राव आटवते. प्रालिडॉक्झिम, म्हणजे ज्याला डॉक्टर संक्षेपाने पाम म्हणतात, ते विकराला विषाच्या पकडीतून सोडवते. परंतु हे दुसरे औषध वेळेत द्यावे लागते. सारिनची पकड काही तासांतच अशी घट्ट होते की मग पामचा इलाज चालत नाही.

त्या सकाळी हे सारे ओळखावयाचे कोणी? आदल्याच वर्षी, २७ जून १९९४ च्या रात्री, मात्सुमोतो गावी त्याच पंथाने सारिन सोडले होते. तेथील रुग्णांवर उपचार केलेल्या शिन्शू विद्यापीठातील एका डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवर टोकियोची दृश्ये पाहिली, लक्षणे ताडली आणि आपण होऊन दूरध्वनी केला. पोलिसांनी विषाचे नाव जाहीर केले ते अकराच्या सुमारास. टोकियोतील पामचा साठा अपुरा पडू लागला तेव्हा ते इतर शहरांतून जलद रेल्वेने आणावे लागले. कारण शेतीच्या औषधांनी होणाऱ्या विषबाधेवरचे हे औषध राजधानीत कोण भरपूर ठेवणार?

सेंट ल्यूकची खरी सिद्धता होती ती भिंतींत. तेथील प्रमुख डॉक्टर शिगेआकी हिनोहारा ह्यांनी १९४५ सालच्या बॉम्बवर्षावात होरपळलेली माणसे जागेअभावी जमिनीवर निजविलेली पाहिली होती. म्हणून १९९२ साली नवी इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी दिवाणखान्यात, वऱ्हांड्यांत, इतकेच नव्हे तर प्रार्थनामंदिरातही प्राणवायूच्या नळ्या बसवून घेतल्या. हा खर्च फुकट आहे, अशी टीका झाली. तीन वर्षांनी मंदिराच्या बाकांवर रुग्ण निजले आणि टीकाकारांना उत्तर मिळाले. बाह्यरुग्णांचे नेहमीचे काम त्या दिवशी त्यांनी बंद ठेवले आणि दार सर्वांना उघडे केले. त्या ६४० जणांपैकी दोघे दगावले.

तरीही एक उणीव राहिलीच, आणि ती झाकण्याजोगी नाही. रुग्णांचे कपडे दाराबाहेर उतरविले गेले नाहीत. कपड्यांत मुरलेला वायू आत हळूहळू सुटत राहिला. ज्या मंदिराने इतक्यांना आसरा दिला तेथेच हवा खेळती नव्हती. पुढे रुग्णालयाने आपल्या सेवकांकडे चौकशी केली तेव्हा ४७२ जणांपैकी ११० जणांना थोडीफार बाधा झाल्याचे दिसले. मंदिरात राबलेल्यांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. ज्यांनी लोकांना वाहून आणले त्या अग्निशमन दलातील १३६४ जणांपैकी १३५ जणांनाही त्रास झाला. वाचविणाराच आजारी पडला तर पुढच्या रुग्णाचे काय? म्हणून कपडे काढणे, ते पिशवीत बांधणे, अंग भरपूर पाण्याने धुणे आणि मगच आत घेणे, हा क्रम औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र ज्याचा श्वास थांबला आहे त्याची श्वासाची व्यवस्था त्याबरोबरच झाली पाहिजे. आणि ती करणाऱ्याच्या हाती जाड रबरी हातमोजे व तोंडावर योग्य मुखवटा हवा. शस्त्रक्रियेचे पातळ मोजे व साधी तोंडपट्टी येथे कुचकामाची.

असल्या वायूचे भय आपल्याला दूरचे वाटेल, पण त्याचे भाऊबंद आपल्या शेतांवर आहेत. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळले आणि शंभरावर माणसे मेली. त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले; तेथे फवारली गेलेली औषधे अनेक जातींची होती, पण त्यांत ह्याच कुळातलीही होती. ह्यामुळे एक गोष्ट मात्र घडली आहे. अ‍ॅट्रोपीन किती व कुठवर द्यावे, डोळ्यांकडे न पाहता छातीतला स्राव आटला की नाही हे कसे पाहावे, हे आपल्याकडील तालुक्याच्या डॉक्टरला सरावाने येते. टोकियोच्या तज्ज्ञांना ते त्या सकाळी पुस्तकांतून शोधावे लागले. जे कमी पडते ते दाराबाहेर: एक नळ, एक आडोसा, बदलावयास धडके कपडे, आणि फवारणीने भिजलेला सदरा रुग्णाच्या अंगावरून प्रथम उतरवा, असे गाडीतून उतरणाऱ्या नातलगांना सांगणारा एक माणूस.