माणूस काढावयास शिकताना

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठी पडली असेल. ती पडेल हे ठाऊक असूनच मी हा विषय घेतला आहे. मी चित्रकलेचा शिक्षक नव्हे. बी. ए., बी. एड. आहे, इतिहास आणि मराठी शिकवतो. नांदेडला लहानाचा मोठा झालो, नोकरी लातूरला. माणसाचे चित्र काढावयास मी शिकलो ते नोकरीला लागल्यावर, आणि तेही माझ्या एका विद्यार्थ्यामुळे.

लहानपणी मीही चित्रे काढीत असे. कमानी, घुमट, वेलबुट्टी, गोदावरीचा घाट. माणूस मात्र नाही. घरात कोणी मना केले नव्हते, पण काढ असेही कोणी म्हटले नव्हते. आपल्या पुष्कळ घरांत असेच असते. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांबरोबर स्मरणचित्राचाही पेपर असतो. नक्षीत आणि भूमितीत आपली मुले कोणाला हार जात नाहीत. स्मरणचित्रात मात्र बाजार, बसस्थानक, पाणवठा असा एखादा प्रसंग काढावा लागतो, आणि प्रसंग म्हटला की माणसे आली. मी भाजीबाजार काढला. भोपळे सुरेख आले. माणसे सगळी पाठमोरी, दूरची, आणि भाजीच्या ढिगाआड कमरेपर्यंत दडवलेली. मिळालेली श्रेणी या व्यासपीठावरून सांगण्यासारखी नाही.

आता लातूरची गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्हांला मी सांगावयास नको. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. पण गल्लीत पाणी यायचे ते टँकरनेच. आठवीतल्या एका मुलाने इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती रांग काढली होती. रागवावे म्हणून वही उचलली आणि पाहतच राहिलो. पुढे एक बाई, कमरेवर घागर. आपल्या अम्मीवरून काढली असे तो म्हणाला. काहीतरी चुकले होते, पण काय ते मला सांगता येईना.

चार दिवसांनी त्याचे वडील ती वही घेऊन शाळेत आले. धंद्याने टेलर. फार सौम्य माणूस. म्हणाले, "सर, पोट्टा आदमी की तस्वीर निकालरा. ये जायज है क्या?"

मी आलिम नव्हे. तसे स्पष्ट सांगितले. या प्रश्नावर उलेमांत एकमत नाही. कोणी सक्त मना करतात, कोणी पुतळा आणि कागदावरचे चित्र यांत फरक करतात, कोणी शिक्षणाच्या गरजेपुरती मुभा देतात. तेव्हा आपल्या मौलाना साहेबांना विचारा, असे मी म्हणालो. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून जे ठाऊक आहे ते सांगण्याचा मला हक्क आहे, आणि ते मी त्यांना सांगितले.

बगदादकडे अल्-वासिती नावाचा कातिब व चित्रकार होता. हरीरीच्या 'मकामात'ची प्रत त्याने स्वतः लिहिली आणि सजवली. साल १२३७. त्यात मशिदीत बसलेले लोक आहेत, हजचा काफिला आहे, गावातल्या बायाबापड्या आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराजच्या मन्सूर इब्न इल्यास या हकिमाने शरीररचनेवर फारसी ग्रंथ लिहिला. त्यात हाडे, मज्जा, शिरा दाखवणाऱ्या पूर्ण मानवी आकृत्या आहेत. चित्राशिवाय हकिमी शिकवायची कशी? आणि इतके दूर तरी कशाला जावे? अहमदनगरच्या निजामशाहीतला 'तारीफ-ए-हुसेनशाही' हा सचित्र फारसी ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवलेला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली म्हणावी अशी. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होत्या. बंगालमधून नंदलाल बोस आले होते, हे सगळे सांगतात. पण हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन हे दोन चित्रकार त्यांच्या मदतीला होते, हे फारसे कोणी सांगत नाही. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि नांदेड-लातूरही. यांतले सय्यद अहमद पुढे अजिंठा लेण्यांचे क्युरेटर झाले आणि वर्षानुवर्षे त्या आकृत्यांच्या रेषा गिरवीत राहिले. बोधिसत्त्वाच्या हाताची बोटे कशी वळली आहेत हे ते नमाजी गृहस्थांच्या वस्तीतून आलेले डोळे किती बारकाईने पाहत असतील!

असो. टेलर साहेबांनी सगळे ऐकून घेतले. हो किंवा नाही म्हणाले नाहीत. मग वही उघडून त्यांनी ती बाई पुन्हा पाहिली आणि बोट ठेवले, "घागर डावीकडे आहे, आणि ही बाई सरळ उभी. मग ती पडत कशी नाही?"

मला जे चार दिवस सांगता आले नव्हते ते हेच होते. घागर होती, बाई होती, पण घागरीला वजन नव्हते. कमरेवर भरलेली घागर घेतली की त्या बाजूचे कुल्ले बाहेर येते, वरचे अंग उलट बाजूस झुकते आणि मोकळा हात अंगापासून दूर जातो. ज्यांनी आयुष्यभर माणसांच्या अंगाची मापे घेतली त्यांना ते एका नजरेत दिसले.

तेव्हापासून आम्ही तिघे विद्यार्थी झालो म्हणा ना. मुलांनो, आता पेन्सिल घ्या. गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला आहे. गळ्याखालच्या खळीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा असेल तर तो पावलांच्या मध्ये पडतो; एका पायावर भार असेल तर त्या पायाशी. ओझे घेतले की माणूस आणि ओझे मिळून तोल साधतात. अडत बाजारात पाठीवर पोते घेतलेला हमाल पुढे वाकतो तो दमला म्हणून नव्हे. पोत्याचे वजन पावलांवर यावे म्हणून. ताठ उभा हमाल काढलात तर त्याच्या पोत्यात कापूस आहे असे परीक्षकाला वाटेल.

मापाचे म्हणाल तर डोके हे एक माप धरा. मोठा माणूस सुमारे साडेसात डोकी उंच असतो. चित्रकार त्याला आठ करतात, म्हणजे तो रुबाबदार दिसतो. एक वर्षाचे मूल मात्र जेमतेम चार डोक्यांचे. आपण मूल काढतो म्हणजे लहान आकाराचा बाप काढतो, ही नेहमीची चूक. टेलर साहेब म्हणाले, "लहान पोराच्या कुडत्याला खांद्यावर बटण का लावतात? डोके मोठे, खांदे लहान, गळ्यातून उतरत नाही." पुस्तकात दहा पाने वाचून मला जे कळले ते त्यांनी एका बटणात सांगितले. डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, कपाळाला चिकटून नव्हेत. कोपर कंबरेच्या रेषेत येते. हनुवटीवर तळवा टेकवून पाहा, बोटे कपाळाच्या मध्यापर्यंत पोचतील. सगळे हात फार लहान काढतात.

कपड्यांचा भाग सर्वांत अवघड, त्यातही बुरखा. आत हातपाय दिसत नाहीत म्हणून सोपे वाटते. पण कापड खांद्यावरून, कोपरावरून आणि पुढे टाकलेल्या गुडघ्यावरून पडते. चुण्या तिथूनच निघतात. आत उभा असलेला माणूस ठाऊक नसेल तर बुरखा तंबूसारखा दिसतो. मी एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत दोन-दोन मिनिटांची रेखाटने करून शिकलो. परक्या स्त्रियांकडे टक लावून पाहणे शोभत नाही, म्हणून तो अभ्यास घरी अम्मी आणि बहिणीवरून केला. अम्मी अजून म्हणते, नाक बिघडवलेस.

या विद्येचे काय होते, असे पालक विचारतात. बालभारतीचे कोणतेही पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानावर चित्रकाराचे नाव छापलेले असते. धड्यातली आजी, शेतकरी, पोस्टमन कोणीतरी बसून काढलेले असतात. दीनानाथ दलालांनी मासिकांतल्या कथांची चित्रे आणि पुस्तकांची वेष्टने काढून महाराष्ट्रभर नाव केले. हे कष्टाचे काम आहे, आणि त्यात पैसा अमाप आहे असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. काही घरांत काही न विचारता, काही न सांगता वही फाडली जाते. मना करावयाचे तर करा, तो तुमचा अधिकार आहे. पण मुलाला समोर बसवून कारण सांगा, आणि तुम्ही स्वतः कोणाला विचारले तेही सांगा.

टेलर साहेबांनी विचारले. त्यांना काय उत्तर मिळाले ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्यांनी मुलाला एवढेच सांगितले की वहीत काढ, परीक्षेत काढ, घराच्या भिंतीवर लावू नकोस. मुलाने ते पाळले. एलिमेंटरीत त्याला बी श्रेणी मिळाली, नंतर इंटरमिजिएटलाही बसला.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मागच्या वर्गात सतरंजी टाकून बसतो. ज्या पालकांची हरकत नाही त्यांनी मुला-मुलींबरोबर चिठ्ठी पाठवावी. कागद शाळा देईल, पेन्सिल टू-बी आणावी. आणि कोणी पालक पंधरा मिनिटे न हलता उभे राहावयास तयार असतील तर जरूर यावे. चहा माझ्याकडून.