सबब, सहानुभूती आणि न्याय



लाखांदूर हा वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला धानाचा तालुका. जूनअखेर शाळा उघडते, वर्ग स्थिरावतात न स्थिरावतात तोच रोवणीचा हंगाम दाराशी येतो आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आठ दिवसांनी परतलेली एखादी मुलगी मान खाली घालून सांगते, "सर, ताप आला होता." वस्तुतः आई रोवणीच्या मजुरीला गेलेली असते आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नसते. घरची ओढाताण चारचौघांत उघड करण्यापेक्षा तापाचे नाव घेणे त्या बालमनाला सोपे वाटते. सबब खोटी, परंतु अडचण खरी!

याच्या उलट, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात. नाटक पाहून जागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वही न आणता सांगतो, "आजी आजारी होती." काही विद्यार्थ्यांच्या आजीची प्रकृती नेमकी परीक्षेच्याच दिवसांत बिघडते, असे शिक्षक विनोदाने म्हणतात, ते उगाच नव्हे.

या दोघांशिवाय वर्गात एक तिसरा विद्यार्थी असतो. तो कोणतीही सबब सांगत नाही. चिखल तुडवीत वेळेवर येतो आणि रात्री जागून पूर्ण केलेली वही टेबलावर ठेवतो. जो शिक्षक सर्वच सबबी मान्य करतो, तो दयाळू वाटतो. पण त्या दयेची किंमत हा तिसरा विद्यार्थी चुकवीत असतो. जो शिक्षक एकही सबब ऐकत नाही, तो काटेकोर वाटतो. पण त्या काटेकोरपणाची किंमत रोवणीच्या दिवसांत घर सांभाळणारी ती मुलगी मोजते. मग मार्ग कोणता?

कापडाच्या दुकानात याचे उत्तर सापडते. गिऱ्हाईक गरीब असो वा श्रीमंत, मीटरपट्टी सर्वांना एकच. गरिबाला दया म्हणून नव्वद सेंटीमीटरचा मीटर कोणी मोजून देत नाही. दिला तर त्याचाच सदरा तोकडा होईल. उधारीची मुदत मात्र माणसाची अडचण पाहून वाढविता येते. शिक्षकानेही हेच करावे. मुदत वाढवावी, माप कमी करू नये. दहा गणिते सोडवावयाची असतील तर ती दहाच सोडवून घ्यावीत. चार दिवस उशिरा का होईना.

राज्य मंडळाने २०१५ साली दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा त्याच वर्षी जुलैमध्ये घेण्यास प्रारंभ केला, त्यामागेही हेच तत्त्व दिसते. उत्तीर्ण होण्याचा निकष तोच राहिला. वर्ष वाया जाऊ नये म्हणून संधी तेवढी लवकर मिळाली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शिकण्यास पैसा नाही, ही अडचण त्यांनी कधी खोटी मानली नाही. पण म्हणून शिक्षणाचा दर्जाही उतरविला नाही. 'कमवा आणि शिका' या योजनेने त्यांनी विद्यार्थ्याच्या हाताला काम दिले आणि ती अडचणच दूर करण्याचा मार्ग दाखविला. सहानुभूतीचे हे सर्वोच्च रूप होय.

खरे-खोटे पारखावे कसे? वर्गासमोर उलटतपासणी घेऊन नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला बाजूला घ्यावे, शांतपणे विचारावे आणि शक्य तेव्हा घरी जाऊन यावे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा करोनामुळे शाळा बंद होत्या आणि शिक्षण मोबाइलवर आले होते. "नेटवर्क नव्हते" ही सबब त्या दिवसांत किती खरी आणि किती खोटी, हे उंबरठा ओलांडल्याशिवाय कळणे कठीणच होते.

नियम वर्षारंभीच सर्वांना सांगितलेला असावा. जो अडचण आधी सांगेल, त्याला मुदत मिळेल, मग तो कोणाचाही मुलगा असो. असे झाले म्हणजे वेळेवर येणाऱ्या त्या तिसऱ्या विद्यार्थ्यालाही वाटणार नाही की प्रामाणिकपणात आपण फसलो. नाटक पाहणाऱ्या मुलाने "नाटकाला गेलो होतो" असे निर्भयपणे कबूल केले, तर त्याच्याकडून काम पूर्ण करून घ्यावे, उशिराचे ठरलेले गुण वजा करावेत. पण त्या कबुलीचा मान राखावा. कारण खरे बोलणाऱ्याला खोटे बोलणाऱ्यापेक्षा अधिक शिक्षा झाली, तर संपूर्ण वर्ग सबबी सांगण्याचीच विद्या शिकतो.

पालकांचेही काही कर्तव्य आहे. मुलाच्या सांगण्यावरून तापाची चिठ्ठी लिहून देणारा पिता असत्याचा पहिला धडा घरीच देत असतो. "रोवणी आहे, चार दिवस मूल येणार नाही," असे गुरुजींना सरळ सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

शिक्षकाच्या एका हातात मीटरपट्टी आणि दुसऱ्या हातात विद्यार्थ्याचा हात असावा. दोन्हींपैकी एकही सुटू नये, हीच या प्रसंगी सर्व गुरुजनांस नम्र प्रार्थना.