"दादा, हा गेम घेऊ का?": रिव्ह्यू कसा वाचायचा, कसा ऐकायचा

आजचा भाग एका मेसेजवर आहे. तो मेसेज आपल्या इनबॉक्समध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी टाकतंच: "दादा, अमुक गेम घेऊ का?" बास, एवढंच. लॅपटॉप कुठला, आधी काय खेळलायस, रोज किती वेळ मिळतो, काहीच नाही. आणि समोरून "हो, घे" एवढंच उत्तर हवं असतं.

आता बघा, पीएस५ आला तेव्हा त्याचे मोठे गेम्स आपल्याकडे ४,९९९ रुपयांना होते. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरासाठी हा मेसच्या महिना-दीड महिन्याचा खर्च झाला. आणि ज्याचा रिव्ह्यू बघून तो हे पैसे घालवणार, त्या रिव्ह्यूवाल्याला गेम बहुतेक वेळा कंपनीकडून फुकट मिळालेला असतो. यात चोरी काही नाही, जगभर अशीच पद्धत आहे. पण ज्याच्या खिशातून काही गेलं नाही, त्याला "पैसे वसूल आहेत का" हा प्रश्न आपल्याइतका टोचत नाही.

म्हणून आज रिव्ह्यूबद्दलच बोलू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी नुसतं "अ‍ॅप चालत नाहीये" असं कळवलं, तर पहिला प्रश्न असतो: कुठल्या फोनवर, कुठलं व्हर्जन, काय केल्यावर? हे माहीत नसेल तर त्या तक्रारीचं आम्ही काही करू शकत नाही. गेमच्या रिव्ह्यूचंही तेच. "१० पैकी ९.५" म्हणजे कुठल्या मशीनवर, कुठल्या व्हर्जनला, किती तास खेळून?

सगळ्यात चांगलं उदाहरण एल्डन रिंगचं. २५ फेब्रुवारी २०२२ ला गेम आला. समीक्षकांचे मार्क नव्वदीच्या वर, सगळीकडे कौतुकच कौतुक. आणि त्याच दिवशी स्टीमवर लोकांचे रिव्ह्यू 'मिक्स्ड'! आता खरं कोण बोलत होतं? दोघंही. गेम भन्नाट होता, आणि पीसीवर अडखळत होता. ज्यांनी पैसे भरले होते, त्यांच्यासाठी ते अडखळणं हाच पहिल्या दिवशीचा गेम होता.

या अडखळण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे रिव्ह्यूमधला आकडा सगळ्यात जास्त फसवतो. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात ५० चित्रं १६-१६ मिलिसेकंदांत आली, म्हणजे झाले ८०० मिलिसेकंद. आणि मग एका चित्राने एकट्याने २०० मिलिसेकंद खाल्ले. कोपऱ्यातला काउंटर म्हणेल ५१ एफपीएस, छानच की! पण तुमच्या डोळ्याला काय दिसलं? झटका. समोर बॉस तलवार उगारून उभा आहे आणि नेमका त्याच वेळी झटका. मेलात. म्हणून "अ‍ॅव्हरेज ५० एफपीएस मिळतात" एवढंच कुणी सांगितलं तर ते अर्धंच सांगितलं. '१ टक्का लो' नावाचा आकडा देतात तो बघा, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या चित्रांचा हिशोब. नाहीतर सरळ डिजिटल फाउंड्रीसारख्यांचे व्हिडिओ बघा. ते हेच मोजत बसतात आणि आलेख समोर ठेवतात. कथा कशी आहे याचा कंटाळा आला असेल तर त्यांचा कंटाळवाणा आवाज ऐका, पैसे वाचतील.

आता दुसरं उदाहरण, सायबरपंक २०७७. गाजलेलं प्रकरण आहे, पण त्यातला एक तपशील लोक विसरतात. गेम १० डिसेंबर २०२० ला येणार होता आणि रिव्ह्यू ७ तारखेलाच आले. चांगले आले. पण कंपनीने आधी फक्त पीसीची कॉपी दिली होती. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम कसा चालतो, हे त्या रिव्ह्यूवाल्यांनी बघितलंच नव्हतं. स्वतः खेळलेलं फुटेज दाखवायलाही बंदी होती, कंपनीने दिलेलेच व्हिडिओ वापरायचे. बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलंही होतं. पण वरचा मोठा आकडा सोडून खालची बारीक ओळ कोण वाचतो?

मग १० तारखेला जुन्या पीएस४ वर लोकांनी गेम चालू केला. धूसर चित्र, न उमटलेले चेहरे, मध्येच क्रॅश. १४ तारखेला कंपनीने माफी मागितली आणि आठवडाभरात सोनीने पीएस स्टोअरवरून गेमच काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. आज तोच गेम उत्तम अवस्थेत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आलं आणि लोक पुन्हा प्रेमात पडले. फक्त ते २.० पीएस४ ला मिळालंच नाही! म्हणजे २०२३ चा "आता घ्या, सुधारलाय" हा रिव्ह्यूसुद्धा पीएस४ वाल्यासाठी चुकीचाच. आपल्याकडे घराघरात अजून पीएस४ आहे. सेकंडहँड तर धडाधड विकला जातो. त्यामुळे तारीख आणि मशीन, दोन्ही बघायचं.

याच्या उलटंही होतं. आधी चांगलं, मग बिघडलं. २०१९ मध्ये क्रॅश टीम रेसिंगचा रीमेक आला, कार्टिंगचा मस्त गेम. रिव्ह्यू आले तेव्हा त्यात खऱ्या पैशांची दुकानदारी नव्हती. जून संपला, रिव्ह्यू छापून झाले, आणि ऑगस्टमध्ये गेमच्या आत खऱ्या पैशांनी नाणी विकायला सुरुवात. आता रिव्ह्यूवाला काय करणार? प्रामाणिक असेल तर वर तारीख टाकून "हे बदललंय" असं लिहितो. तुम्ही वाचताय तो रिव्ह्यू नंतर कधी अपडेट झालाय का, यावरून तो माणूस कसा आहे ते बरंच कळतं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तेही उरकून घेऊ. २००७ मध्ये गेमस्पॉट या साइटवर जेफ गर्स्टमन नावाच्या समीक्षकाने केन अँड लिंच या गेमला १० पैकी ६ दिले. त्याच वेळी साइटवर त्याच गेमच्या भल्यामोठ्या जाहिराती झळकत होत्या. काही दिवसांत त्याची नोकरी गेली. पुढे २०१२ मध्ये तो स्वतः यावर उघडपणे बोलला. आता आपल्याकडे साइट कमी आणि यूट्यूब-इन्स्टा जास्त, त्यामुळे तिथे काय चालतं ते बघा. २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या एएससीआयचे नियम आहेत, की पैसे घेतले असतील किंवा वस्तू फुकट मिळाली असेल तर इन्फ्लुएन्सरने तसं स्पष्ट लिहायला हवं. तर व्हिडिओत 'पेड पार्टनरशिप'ची पट्टी दिसली की तो व्हिडिओ जाहिरात म्हणून बघा, त्यात गैर काही नाही. ट्रेलर बघतोच ना आपण. गैर आहे ते पट्टी न लावता "भाऊ, डोळे झाकून घे" म्हणणं.

मग लोकांच्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा? तिथेही जपून. द लास्ट ऑफ अस पार्ट २ जून २०२० मध्ये आला, तेव्हा मेटाक्रिटिकवर काही तासांतच हजारो शून्य पडली. तो गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, हिशोब तुम्हीच करा. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियमच केला, की गेम आल्यावर दीड दिवस तरी लोकांना मार्क देता येणार नाहीत. स्टीमवर मात्र एक गोष्ट फार उपयोगी आहे. प्रत्येक रिव्ह्यूच्या वर लिहिलेलं असतं, लिहिताना या माणसाने किती तास खेळलं होतं. आणि गेम फुकट मिळाला असेल तर तेही.

माझी पद्धत सांगतो. मी स्टीमवर अंगठा वर असलेले रिव्ह्यू जवळपास वाचतच नाही. अंगठा खाली आणि तास वीस ते चाळीस, असे शोधतो. या माणसाने गेमला खरोखर वेळ दिलाय आणि तरी तो वैतागलाय, तर कशावर? "शत्रू तेच तेच येतात", "सेव्ह करता येत नाही", "शेवट घाईत गुंडाळलाय", अशा ओळी मिळतात. आणि गंमत म्हणजे कधीकधी त्याचा वैताग वाचूनच मी गेम घेतो. एल्डन रिंगवर कुणी चिडून लिहितो, "नकाशावर कुठे जायचं ते सांगतच नाहीत, नुसतं भटकायचं." अरे, मला तेच हवंय! दुसरा लिहितो, "गेम पॉज होत नाही." आता हे ऐकून माझा एक मित्र थांबला. घरात लहान बाळ आहे, ते कधी उठेल त्याचा नेम नाही. दोघांनी एकच रिव्ह्यू वाचला, एकाने घेतला, एकाने नाही घेतला, आणि दोघांचंही बरोबर. माझ्या मते चांगला रिव्ह्यू तोच, जो वाचून लिहिणाऱ्याच्या उलटा निर्णय घेता येतो.

आता ९० टक्के पॉझिटिव्ह म्हणजे १०० पैकी ९० मार्क असं काहीजण समजतात. तसं नाहीये. दहातल्या नऊ जणांनी "चालेल, घ्या" म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. ठीकठाक गेमसुद्धा ९० टक्क्यांवर जातो, कारण तो ज्यांना आवडणार होता त्यांनीच घेतला.

एक गोष्ट मात्र वेगळीच अवघड आहे, आपल्या माणसांच्या गेमचा रिव्ह्यू. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक, २०२० चा गेम, बनवलाय आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने. राजस्थानी किल्ले-महाल, पहाडी चित्रांसारखे रंग, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. भावाला शोधणारी एक मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गा. छोटी टीम, पैशाची मारामार. मग याला सांभाळून घ्यायचं का?

नाही. कारण सांभाळून घेतलं तर तुमचे पैसे मी माझ्या अभिमानावर खर्च केले, असं होईल. राजी दिसायला अप्रतिम आहे. भिंतीवर धावायचं, खांबावरून उडी मारायची, ते सगळं मजेशीर. मारामारी मात्र थोडी ताठ वाटते, आणि पाच-सहा तासांत गोष्ट अशा ठिकाणी थांबते की "अरे, पुढे?" असं तोंडातून निघतंच. हे सगळं ऐकूनही तुम्हाला घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, सेलमध्ये तर नक्कीच. पण "भारतीय आहे म्हणून घ्या" असं मी म्हणणार नाही. एकदा असं म्हणून तुम्हाला गेम विकला आणि तुम्ही निराश झालात, तर पुढच्या भारतीय गेमला तुम्ही हात लावणार नाही. त्या टीमचंही यात नुकसानच.

आणि हो, पाच-सहा तास म्हणजे कमी, असं लगेच म्हणू नका. "रुपयाला किती तास" हे गणित मला पटत नाही. शंभर तासांच्या कितीतरी गेम्समध्ये साठ तास नकाशावरचे ठिपके पुसण्यात जातात. शनिवार-रविवारीच वेळ मिळणाऱ्याला छोटा गेम परवडतो, कारण तो संपतो.

बरं, एवढं करूनही शंका राहिली तर? पीसीवाले नशीबवान आहेत. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. ते दोन तास कॅरेक्टरचं नाक-कान ठरवण्यात घालवू नका. आधी ग्राफिक्स तुमच्या मशीनला झेपतील तसे लावा, गर्दीच्या जागी जा, एक मारामारी करा, सेव्ह करून बाहेर पडून परत या. ऑनलाइन गेम असेल तर पिंग बघा, मुंबईत सर्व्हर आहे का सिंगापूरला, त्याने फार फरक पडतो. प्लेस्टेशनवाल्यांनो, तुमचं अवघड आहे. तिथेही १४ दिवस आहेत, पण डाऊनलोड सुरू केलं की, गेममध्येच मोठा दोष नसेल तर, परतीचा रस्ता बंद. म्हणजे चाखून बघायची सोयच नाही. तुम्ही आधीच नीट वाचायला हवं, किंवा मग डिस्क घ्यायची. आवडला नाही तर मित्राला विकता येते.

आता या आठवड्याचा प्रश्न. साताऱ्याच्या एका श्रोत्याने विचारलंय, आणि शाबास रे बाबा, सगळी माहिती दिलीये: जीटीएक्स १६५० चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, रोज रात्री तासभर वेळ, अवघड गेम्सची सवय नाही, एल्डन रिंग घेऊ का? तर मित्रा, त्या गेमला कमीत कमी १२ जीबी रॅम मागितलीये. तुझं ग्राफिक्स कार्ड कसंबसं ओढेल, पण रॅममुळे अडेल. आधी लॅपटॉपमध्ये रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते बघ. असेल तर ८ जीबीची पट्टी टाक, ती पुढे सगळ्याच कामाला येईल. मग सेलची वाट बघ. घेतलास की पहिले दोन तास घड्याळ लावून खेळ, आणि पहिल्या मोठ्या शत्रूने दहा वेळा मारल्यावर तुला राग येतो का हुरूप येतो ते बघ. राग आला तर लगेच परत कर, लाजू नकोस. आणि काय झालं ते कळव, पुढच्या भागात वाचून दाखवतो.

बाकीच्यांनीही प्रश्न पाठवा, पण मशीन, वेळ आणि बजेट लिहून. नुसतं "दादा, घेऊ का" आलं तर मी पण नुसतं "बघ बाबा" लिहून पाठवणार आहे. चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.