आधी तास मोजा, मग विषय ठरवा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली मुलंमुली आता शिक्षणासाठी जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचतात. निघताना फी, व्हिसा, भाषेची परीक्षा, थंडीचे कपडे यांची तयारी चोख असते. तिथल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत मात्र गुण गटप्रकल्पावर मिळतात, आणि चार देशांतल्या चौघांनी मिळून निर्णय कसा घ्यायचा, याची तयारी कुणीच करून दिलेली नसते. मग पहिल्याच आठवड्यात विषयावरून ताणाताणी होते. या भांडणाचं खापर आपण स्वभावांवर आणि संस्कृतींवर फोडतो. मला ते पटत नाही. आपल्याजवळ काय आहे, हे न मोजताच काय करायचं ते ठरवायला बसलं, की गट अडतो. याचा पुरावा आपल्याच नगर तालुक्यात आहे.

हिवरे बाजारला पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, त्यानंतरच्या काळात तिथल्या ग्रामसभेनं शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं आणि उसासारखी पाणी पिणारी पिकं बंद केली. शेतकऱ्याला सांगायला याहून कडू गोष्ट नाही. तरी ती टिकली, कारण तिथं क्रम ठरलेला आहे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, हाती आलेल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचा. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरेल त्यावर रब्बीत काय आणि किती पेरायचं, ते ठरवायचं. पाऊस कमी, तर पेरा कमी. वाद होतो तो आकड्याशी, शेजाऱ्याशी नाही.

विद्यार्थ्यांच्या गटात पाण्याच्या जागी वेळ आहे. चौघंजण, सहा आठवडे, प्रत्येकाचे आठवड्याला पाच तास, म्हणजे झाले १२० तास. एकाची संध्याकाळची नोकरी आहे, दुसरीची मध्येच दुसऱ्या विषयाची परीक्षा आहे; ते वजा करा. आता कुणी शंभर जणांच्या तासातासाच्या मुलाखती घेऊ म्हणालं, तर ती कल्पना कुणाला न दुखावता आपोआप मागे पडते. आपल्या मुलांना हे विशेष उपयोगी आहे. थोरांपुढे, अनोळखी माणसांपुढे उलट बोलू नये, ही आपली शिकवण; म्हणून ती ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हणून गप्प बसतात आणि शेवटी न पटलेलं काम रात्री जागून ओढतात. आकडा पुढे ठेवायला फर्डं इंग्रजी लागत नाही.

कुणी म्हणेल, गावाचं पोट पाण्यावर असतं म्हणून गाव नियम पाळतं. गुणांसाठी कोण पाळणार? शंका रास्त आहे. रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढणाऱ्यांवर प्रयोग केले, ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढली, तसा एकेकाचा जोर घटला. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर आला. पण पुढच्या मानसशास्त्रज्ञांना असंही आढळलं, की ज्याचं काम वेगळं ओळखता येतं, तो सहसा अंग चोरत नाही. म्हणून निर्णय झाल्याबरोबर कामापुढे नाव आणि तारीख लिहायची. तो अविश्वास नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गावात एकमत दिसतं तेव्हा पुष्कळदा दुबळ्याचा आवाज दबलेला असतो, आणि गटातही चुरूचुरू बोलणाराच जिंकतो. यावर आपल्याच जिल्ह्यातल्या प्रवरा साखर कारखान्याचं उदाहरण आठवावं. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं लोणीला हा सहकारी कारखाना उभा राहिला. केंब्रिजला शिकलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. गटातही हाच नियम हवा: प्रत्येकाचं मत सारखंच मोजायचं, म्हणून ते प्रत्येकानं आधी कागदावर लिहायचं, चर्चा त्यानंतर. वेळ नाही, ही सबब चालणार नाही. या साऱ्याला एक तास पुरतो.

तेव्हा परदेशी निघालेल्या मित्रांनो, पहिल्या बैठकीला जाताना आपले मोकळे तास लिहून न्या आणि इतरांचेही मागून घ्या. विषयाचं बोलणं त्यानंतर काढा.