संदर्भसूचीतले शेख महंमद

प्रबंधाच्या शेवटी जोडलेली संदर्भसूची हा काही कवीने बोलायचा विषय नव्हे, असं आपल्याला वाटेल. मी साधा बी.ए. झालेला माणूस. प्रबंध लिहिला नाही, आता लिहिणारही नाही. पण आमच्या भागातली पीएच.डी. करणारी मुलं-मुली शुद्धलेखन तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. 'चाचा, एवढी शेवटची पानं बघा,' म्हणतात आणि वीस-पंचवीस पानांची सूची पुढे ठेवतात. मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त होतात. सूचीत मात्र माणसांची नावं असतात, आणि तिथे त्यांचं जे होतं ते मला स्वस्थ बसू देत नाही.

एका मुलीचा प्रबंध इंग्रजीत होता, विषय मराठी कविता. सूचीत 'एम' अक्षराखाली एक ओळ होती : 'महंमद, एस.' हे कोण? तर श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, 'योगसंग्राम'चे कर्ते! संगणकाने 'महंमद' हे आडनाव धरलं, 'शेख' हे पाळण्यातलं नाव धरलं आणि त्याचं एक अक्षर ठेवून बाकीचं कापून टाकलं. दोन पानं पुढे 'शेख, ए.' भेटले. हे शाहीर अमर शेख. मूळचे मेहबूब हुसेन पटेल. ज्या नावाने उभा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, त्यातलं 'अमर' गेलं. असे 'शेख, ए.' आमच्या एका मोहल्ल्यात डझनभर निघतील : अब्दुल, अन्वर, अस्लम.

यात दोष त्या मुलीचा नाही. झोटेरो, मेंडले, एंडनोट अशी सॉफ्टवेअर हल्ली संशोधक वापरतात. जुन्या ग्रंथालयात कार्डांचे खण असत ना, तसाच हा खण. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड : लेखक, नाव, प्रकाशक, गाव, साल. लिहिताना कार्डाकडे बोट दाखवायचं, की संदर्भ मजकुरात बसतो आणि सूची आपोआप तयार होते. ती कोणत्या रीतीने मांडायची, हे ठरवणारी एक वेगळी छोटी फाइल असते. तिला स्टाइल म्हणतात. स्वल्पविराम कुठे, तिरपा ठसा कुठे, साल आधी की शेवटी, सगळं त्या फाइलीत. नावं कापणारी कात्री तिथेच असते.

या रीती काही आभाळातून पडलेल्या नाहीत. कंसात लेखक आणि साल देण्याचा पहिला नमुना म्हणून हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या 1881 च्या निबंधाकडे बोट दाखवतात. तो निबंध बिनशंखाच्या गोगलगायीवर होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची एपीए पद्धत 1929 मध्ये सात पानांच्या एका लेखातून सुरू झाली. वैद्यकातली आकड्यांची पद्धत 1978 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांनी ठरवली. ज्याने त्याने आपल्या सोयीचं केलं. ओवी आणि अभंग डोळ्यांपुढे ठेवून यातलं काहीच झालेलं नाही, इतकंच.

झोटेरो 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्मलं आणि ते फुकट आहे. त्याच्या भांडारात दहा हजारांहून अधिक स्टाइली आहेत. आकडा ऐकून घाबरू नका. त्यातल्या बहुतेक नुसत्या पाट्या आहेत : नाव एका नियतकालिकाचं, आतली रीत दुसऱ्याचीच. म्हणून विद्यापीठाचं नाव टाकून शोधलं आणि सापडलं नाही, तर हताश व्हायचं कारण नाही. रूप ओळखून शोधावं. संदर्भ कंसात हवा, आकड्यात हवा की तळटिपेत, हे आधी ठरवायचं. निम्मी गर्दी तिथेच कमी होते. सीएसएलच्या संपादन-संकेतस्थळावर तर एका ठरावीक नोंदीचा नमुना तुमच्या इच्छेप्रमाणे बदलून दाखवला, की तशा दिसणाऱ्या स्टाइली समोर येतात. मार्गदर्शकांनी हातात दिलेला जुना मंजूर प्रबंध इथे खरा कामाला येतो.

सीएसएल म्हणजे या स्टाइली लिहिण्याची भाषा. ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने ती सुरू केली. भूगोलवाल्याने हे करावं याची मला गंमत वाटते. या स्टाइली कोणीही घेऊन बदलू शकतो. अट एवढीच, की मूळ करणाऱ्यांचं नाव ठेवायचं आणि आपलीही तशीच खुली ठेवायची.

आता बदलायचं कसं? आधी कार्ड दुरुस्त करा, स्टाइलला नंतर हात घाला. झोटेरोत लेखकाच्या नावाशेजारी एक बारीकशी खूण असते; ती दाबली की आडनाव आणि नाव असे दोन कप्पे जाऊन एकच उरतो. त्यात 'शेख महंमद' लिहिलं, की ते शेख महंमदच राहतात. ज्ञानेश्वर, ग्रेस, कुसुमाग्रज, सगळ्यांना हाच कप्पा. एंडनोटमध्ये यासाठी पूर्ण नावानंतर एक स्वल्पविराम देतात.

अमर शेखांचं दुखणं मात्र स्टाइलचं आहे. एमएलए आणि शिकागो पूर्ण नाव ठेवतात, तेव्हा मोकळीक असेल तर सरळ त्यांतली एक निवडावी. एपीएच हवी असा विभागाचा आग्रह असेल, तर विभागाला विचारून तिची प्रत काढायची आणि 'इनिशियलाइझ-विथ' ही सूचना जिथे जिथे असेल तिथून काढून टाकायची. नावं पुन्हा पूर्ण होतात. त्याच फाइलीत 'एट अल.'च्या जागी 'आणि इतर', 'इबिड'च्या जागी 'तत्रैव', पानासाठी 'पृ.' असे मराठी शब्द भरता येतात. प्रोग्रामर असण्याची गरज नाही. कंपॉझिटरची नजर पुरते.

एक खबरदारी मात्र घ्या. प्रतीला नवं शीर्षक द्या आणि आतला आयडीही बदला. तो जुनाच राहिला, तर मूळ स्टाइल अद्ययावत होईल तेव्हा ती तुमच्या कष्टांवर बसेल आणि प्रबंध सादर करायच्या आठवड्यात 'अमर' पुन्हा 'ए.' होतील.

एक अडचण उरतेच. प्रबंध मराठीत असेल तर अर्धी पुस्तकं मराठी, अर्धी इंग्रजी असतात. स्टाइल सगळ्या दस्तऐवजाला एकच भाषा लावते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकापुढेही 'आणि इतर' येतं, नाहीतर मराठी पुस्तकापुढे 'एट अल.'. जपानच्या नागोया विद्यापीठातले फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरून बहुभाषी 'ज्युरिस-एम' केलं होतं, पण आमच्या मुलांच्या हाती ते काही आलेलं नाही. ती दोन सूच्या वेगळ्या करतात, आणि शेवटची मांडामांड हातानेच होते. त्या मुलीची सूची परवा पुन्हा आली. शेख महंमद आता 'एस'खाली आहेत, पूर्ण नावानिशी. विभागाने त्याला हरकत घेतली, तर परवानगीचा अर्ज मी लिहून देणार आहे.