येत्या वर्षी काय वाचायचे?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त वाचक मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



वाचक मंडळाने माझ्यावर एक काम सोपविले होते. येत्या वर्षात मंडळाने कोणती पुस्तके वाचावीत याची यादी करून द्या, असे मंडळींचे म्हणणे. यादी केली आहे. पण ती नुसती वाचून दाखविली तर पाच मिनिटांत काम संपेल आणि कागद भिंतीवर जाईल. गेल्या वर्षीचा कागद अजून तिथेच आहे, पहा. बारा ग्रंथ होते त्यात, निम्मेही वाचून झाले नाहीत. ग्रंथ वाईट होते असे नाही. एकेक असा थोर, की कपाटात ठेवला तर कपाटाला शोभा येते! पण यादी करणाऱ्यांसमोर प्रकाशकाचे सूचिपत्र होते, वाचणारा माणूस नव्हता.

पुस्तक कसे निवडावे याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज पुस्तक घेऊन वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी त्याला पाहत होते. पुढे त्या मुलाच्या सत्काराची सभा भरली, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. त्या एका पुस्तकापासून सुरू झालेली वाट १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला आणि दोन दिवसांनी, १६ तारखेला, आपल्या चांद्याला पोचली. गुरुजींनी आधी मुलाला पाहिले आणि मग पुस्तक दिले, एवढेच मला सांगायचे आहे.

तर आपल्याकडे वाचणारे कोण आहेत? वेकोलित पाळीने काम करणारे भाऊ आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस पाचशे पानांचा ग्रंथ उघडील काय? पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं आहेत. दहावी-बारावीच्या मुली आहेत, आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त त्याच वाचतात. आणि समोर बसलेल्या या म्हाताऱ्या आया. त्यांना अक्षर येत नाही, पण एकदा ऐकलेले त्या विसरत नाहीत. म्हणून मी पहिली अट अशी ठेवली, की पुस्तक मोठ्याने वाचता आले पाहिजे. एका रविवारी एक तास वाचावे, अर्धा तास बोलावे. जे पुस्तक ऐकवता येत नाही, ते ज्याला हवे त्याने घरी न्यावे, मंडळाच्या बैठकीत नको.

वर्षातले तीन महिने ठरलेलेच आहेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, तसेच सुरू राहील. भन्तेजींच्या रोजच्या वाचनाला कोणी हात लावू नये. मात्र रविवारच्या बैठकीत मंडळाने त्यातले एकच प्रकरण घ्यावे आणि त्यावर बोलावे. ग्रंथ पूर्ण केल्याचे पुण्य आणि समजल्याचे सुख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. यंदासाठी मी पहिल्या खंडातला शाक्य आणि कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सुचवितो. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. पाण्यावरून युद्ध करायला त्याने विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावे लागले, असे त्यांनी लिहिले. धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध' या पुस्तकात त्या जुन्या गोष्टीवर शंका घेऊन या भांडणाकडेच बोट दाखविले होते. हे पुस्तक १९४० च्या सुमाराचे. दोन्ही प्रकरणे लागोपाठ ऐकवा. मूल, सिंदेवाही, नागभीडकडची ज्यांची माहेरे आहेत त्या बायांना हा तंटा समजावून सांगावा लागणार नाही. मामा तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल यावरून काय काय होते ते त्यांनी पाहिले आहे. त्या बोलतील आणि आपण ऐकू.

दोन पुस्तके शेजारी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. केळुसकर गुरुजींची ती सभा कधी झाली? बहुतेक चरित्रांत आहे की १९०७ साली, मॅट्रिक पास झाल्यावर. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, आणि जी पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती, तीत ते स्वतः इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्याचे सांगतात. आता कोणाचे धरायचे? मी सांगणार नाही. आपल्या मुलींनी धनंजय कीरांचे चरित्र काढावे, खैरमोड्यांचा १९५२ साली बाबासाहेबांच्या हयातीतच निघालेला पहिला खंड काढावा, ही प्रस्तावना काढावी आणि तिन्ही समोर ठेवून भांडावे. बाबासाहेबांच्या पुस्तकांना हार घालणारे पुष्कळ आहेत. बाबासाहेब वाचायचे तसे तपासून वाचणारे थोडे.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आपण सर्वच जातो. त्या आधीच्या रविवारी बाबासाहेबांचे १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण सबंध वाचावे. पुस्तिका लहान आहे, स्वस्त आहे. लाऊडस्पीकरवर त्याचे तुकडे आपण ऐकतो, सलग किती जणांनी वाचले आहे?

आता वादाच्या विषयाकडे येतो. यादीत आत्मकथने ठेवू नका असे काही वडीलधाऱ्यांनी मला सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की मेलेली ढोरे, शिळे तुकडे, गावकीची कामे हे सगळे आम्ही सोसले आणि सोडले, आता लेकरांसमोर ते कशाला उकरायचे? लेकरं कॉलनीत राहतात, कॉन्व्हेंटमध्ये जातात. या बोलण्यात दुःख आहे, ते मी हसण्यावारी नेत नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आपल्याच समाजातून हीच हरकत घेतली गेली होती. पण लेकरांना हे घरी सांगितले नाही तर बाहेर कोणीतरी सांगेलच, आणि तो आपल्या शब्दांत सांगणार नाही. म्हणून आत्मकथने राहतील. 'बलुतं' मात्र मी मोठ्यांच्या बैठकीसाठी ठेवले आहे, कारण दहा वर्षांच्या मुलासमोर मोठ्याने वाचायचे ते पुस्तक नाही.

सर्वांसमोर वाचायला शांताबाई कांबळे यांची 'माझ्या जल्माची चित्तरकथा' घ्यावी. शांताबाई शाळामास्तरीण. त्यांच्या या पुस्तकावरून दूरदर्शनवर 'नाजुका' मालिका निघाली होती, ती इथल्या कित्येकींना आठवत असेल. त्यानंतर बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. दोन्ही पुस्तके १९८६ सालची. बेबीताई फलटणला किराणा दुकानात बसायच्या. बांधायला आणलेल्या रद्दीतले वाचायच्या आणि घरच्यांना कळू न देता लिहायच्या. वर्षानुवर्षे ते लिखाण त्यांनी लपवून ठेवले. दुकान, चूल, पोरं सांभाळून बाई लिहू शकते, हे आपल्या महिला मंडळाने ऐकण्यासारखे आहे. भाषा तिकडची, साताऱ्याकडची आहे. आपल्या झाडीबोलीत त्याच वस्तूला दुसराच शब्द निघेल, आणि त्या शब्दावरून म्हाताऱ्या आया हसतील, भांडतील. भांडू द्या.

इकडचे म्हणून वसंत मून यांचे 'वस्ती' घेतले आहे. मूनसाहेबांना आपण बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सरकारी खंडांचे संपादक म्हणून ओळखतो, पण १९९५ सालच्या या पुस्तकात त्यांनी आपल्या नागपूरच्या वस्तीची हकीकत लिहिली आहे. त्यात समता सैनिक दल आहे आणि पोरांची मस्तीही आहे. रात्रपाळीवाल्या भावांना मी हेच पुस्तक देईन.

लहान मुलांसाठी विलास मनोहरांचे 'नेगल'. हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडे वाढलेल्या बिबट्याचे आणि इतर जनावरांचे ते पुस्तक. आपल्या जिल्ह्यात वाघ-बिबट म्हटले की मोहफूल वेचायला गेलेल्या कोणाची तरी बातमी आठवते. ती भीती खोटी नाही. पण मुलांना जनावराची दुसरी बाजूही कळावी.

आणि मेंढा. मिलिंद बोकील यांनी मेंढा-लेखा या धानोरा तालुक्यातल्या गोंड गावावर पुस्तक लिहिले आहे. यादीत हे का, असे एकाने विचारले. आपण या लोकांच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहतो. बाजारात भेटतो, तेंदूपत्त्याच्या फळीवर भेटतो, आणि त्यांच्याबद्दल एक पुस्तक वाचलेले नसते. या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. बल्लारपूरच्या कागदासाठी याच जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे जात होता. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा अभ्यास गट. गावचे लोक आणि बाहेरचे जाणकार बसून एकेका विषयाचा अभ्यास करतात. त्या गटात निर्णय होत नाही, निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने होतो. आपल्या मंडळात पहिल्या दहा मिनिटांत ठराव मांडायची जी घाई असते, तिच्यावर हा चांगला उतारा आहे.

याच्या जोडीला वनहक्क कायदा मराठीतून वाचायचा आहे. तो २००६ सालचा. कायदा वाचायला कंटाळा येतो, मान्य. पण गडचिरोलीकडच्या गावांत आपल्या कित्येक नातलगांची अतिक्रमणाची शेती आहे. आदिवासी नसलेल्यांना या कायद्याखाली दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहून जंगलावर पोट भरल्याचे दाखवावे लागते. महाराच्या घरात १९३० सालचा कागद कोठून येणार? पण नियमांत असेही आहे की दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा पुराव्याचा एक प्रकार आहे. हे एक वाक्य किती जणांना माहीत आहे? एमपीएससीवाल्या पोरांनी ही जबाबदारी घ्यावी. संविधानातले मूलभूत हक्क तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता, ते नोव्हेंबरात आयांना समजावून सांगा आणि हा कायदा डिसेंबरात.

मे महिना मी रिकामा ठेवला आहे. त्या महिन्यात कोणी तेंदूपत्त्याला जातात, कोणी लग्नांना, विहारात माणूस नसते. पण आणखी एक कारण आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव फिरल्या, बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांना भेटल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. १९४२ ची नागपूरची महिला परिषद आणि तिथे जमलेल्या बाया त्यात भेटतात. ते पुस्तक एप्रिलमध्ये वाचून घ्यावे. मग मे महिन्यात मुलींनी वही घेऊन लग्नाघरी, आजोळी, जिथे जातील तिथे म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. १६ ऑक्टोबर १९५६ ला जी पोरगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. चांद्याला कशी आली, पायी की बैलबंडीने, सोबत कोण होते, घरी परतल्यावर देव्हाऱ्याचे काय केले, गावाने काय म्हटले, हे सगळे विचारा. गाव जंगलातले असेल तर शेत कोणी फोडले, कोणत्या नाल्यापर्यंत होते, तेही विचारा. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख लिहा आणि त्यांच्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका.

वह्या महिला मंडळाने आणून ठेवल्या आहेत. सभा संपल्यावर कपाटाजवळ मिळतील. कपाटाची किल्ली आजपासून दहावीच्या मुलींकडे राहील, असे अध्यक्षांनी मान्य केले आहे. पहिली बैठक येत्या रविवारी दुपारी चार वाजता, शांताबाईंचे पुस्तक. पहिली दहा पाने कोण वाचणार, त्यांनी आताच नाव सांगावे.

जयभीम.